पानं बांधायचा दगड

मित्रांनो, मी एक जुना संगमरवरी दगड आहे. संगमरवर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर देऊळ तरी येईल, नाहीतर थडगं तरी. माझ्या नशिबी दोन्ही आलं नाही. माझ्यावर कोणी फुलं वाहिली नाहीत. जे वाहिलं ते शिसं, आणि शिशावर शाई. लांबीला म्हणाल तर दोन माणसं एकापुढे एक आडवी झोपतील एवढा मी आहे, जाडीला वीतभर, आणि रंग एके काळी पांढरा होता असं म्हणतात. सध्या मी ल्यों शहराच्या व्हेझ भागात एका गोदामात पडून आहे. माझ्यावर तीन मोडक्या खुर्च्या आहेत, एक गुंडाळलेला गालिचा आहे आणि कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचं खोकं आहे. दगडाला वजनाचं काही वाटत नाही. बोलायला कोणी नाही, याचं मात्र वाटतं. म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म ज्युरा डोंगरातला. खाणीतून माझ्याबरोबर निघालेली दुसरी लादी शहरातल्या एका मिठाईवाल्याने नेली. तिच्यावर रोज ऊन ऊन चॉकलेट पसरायचे, असं ऐकलं. मला नेलं साओन नदीकाठच्या एका छापखान्याने. तिथे तळमजल्यावर, खिडकीजवळ, मला लोखंडी पायांवर चढवलं आणि मी पुढची ऐंशी वर्षं तिथून हललो नाही.

वर्तमानपत्राचं पान तयार होई ते माझ्या पाठीवर. यंत्रातून ओतून आलेली प्रत्येक ओळ म्हणजे शिशाची एक बारीक पट्टी. जुळारी त्या पट्ट्या लोखंडी चौकटीत एकीखाली एक बसवत, वर मथळा लावत, चौकट आवळत, आणि बांधलेलं पान ढकलगाडीवर घालून पुढे साच्याच्या खोलीत नेत. अक्षरं सगळी उलटी, आरशात दिसतात तशी. माझ्या एका बाजूला जुळारी उभे राहत आणि दुसऱ्या बाजूला संपादक.

या दोन बाजूंमध्ये एक नियम होता. लिहिणाऱ्याने शिशाला हात लावायचा नाही. त्याने बोट दाखवावं, तोंडाने सांगावं, हवं तर गयावया करावी, पण ओळ काढायची ती जुळाऱ्याच्याच हाताने. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि तो मोडायची छाती मालकालाही नव्हती. कुणी चुकून हात लावलाच, तर सगळे जुळारी कामं टाकून हातात येईल ते घेत, हातोड्या, पट्ट्या, चौकट आवळायची कुलपं, आणि माझ्या कडांवर, यंत्रांवर, नळांवर असे बडवायला लागत की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेत. या गदारोळाला ते 'रुलांस' म्हणत. कुणाची फजिती करायची तर रुलांस, आणि कुणाला मान द्यायचा तरी रुलांसच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नसे.

सोलांज बोन्वालो पहिल्यांदा माझ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. वय सव्वीस, गाव रोआन, अंगावर आईचा कापून लहान केलेला कोट. आमच्या छापखान्यात 'ला कोर्बेय' नावाचं बायकांचं साप्ताहिक निघे. त्यात विणकामाचे नमुने, रश्शांच्या कृती आणि एक चालू कादंबरी असे. शेवटच्या पानावर एक मावशी वाचकांच्या पत्रांना उत्तरं देई. पन्नाशीच्या बायका लिहून विचारत, नवरा घरात बोलत नाही, काय करू? ती मावशी म्हणजे ही लग्न न झालेली सव्वीस वर्षांची मुलगी. उत्तरं मात्र अशी ठसठशीत देई की पत्रांच्या गोण्या येऊ लागल्या.

पहिल्याच दिवशी तिला चौकटीत एक ओळ तिरकी दिसली आणि तिने भाबडेपणाने ती बोटाने सरळ केली. आन्सेल्म शाझाल समोर उभे होते. ते जुळाऱ्यांचे मुख्य, सगळे त्यांना मास्तर म्हणत. रुंद खांदे, बारीक आवाज. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाई, हात मागे." आणि मग रुलांस सुरू झाला. पोरीचं तोंड लालबुंद झालं. पळून जाईल असं मला वाटलं. ती पळाली नाही. आवाज थांबेपर्यंत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांसाठी बोझोले वाइनच्या बाटल्यांची पेटी घेऊन आली. त्या दिवसापासून माझ्यासमोर उभं राहताना बाईंचे हात कायम पाठीमागे बांधलेले असत. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

पाच वर्षांत त्या साप्ताहिकाच्या संपादक झाल्या. उलटी अक्षरं त्या इतक्या भराभर वाचू लागल्या की मुद्रितशोधक त्यांच्यावर खार खात. मजकूर जास्त झाला की लेखकाला न विचारता त्या कुठली ओळ जादा आहे ते हनुवटीने दाखवत. बहुधा लेखकाला जी सर्वांत आवडलेली असे, तीच. मास्तर चिमट्याने ती उचलून वितळवायच्या पेटीत टाकत आणि म्हणत, "गेला बिचारा कवी." बाई हसत नसत, पण त्यांना गंमत वाटे हे मला कळे. खप तिप्पट झाला. मालक पेलाप्रा पाहुण्यांना खाली आणून बाईंना दाखवत. पाहुणे कौतुक करत आणि वर जाऊन म्हणत, "ती विणकामवाली ना?"

त्याच इमारतीतून 'कादराँ' नावाचं सांजदैनिक निघे. एकोणसाठ साली त्याचे संपादक हृदयविकाराने अंथरुणाला खिळले. पेलाप्रांनी बाईंना तीन महिन्यांसाठी त्या खुर्चीवर बसवलं, दुसरा कोणी मिळेपर्यंत. त्या तीन महिन्यांची एकोणीस वर्षं झाली. दुसरा कोणी मिळाला नाही असं नाही, पण बाईंएवढा स्वस्त आणि बाईंएवढा कामाचा मिळाला नाही.

मित्रांनो, मोठी खुर्ची मिळाली की माणसांचा गोतावळा वाढतो असं तुम्हाला वाटत असेल. बाईंच्या बाबतीत उलटं झालं. वरच्या मजल्यावरचे सगळे पुरुष दुपारी घोळक्याने जेवायला जात आणि बाईंना विचारायचं त्यांच्या डोक्यातच येत नसे. खालचे जुळारी शुक्रवारी मिळून एका छोट्या खाणावळीत जात, तिथे संपादकाने जायची रीत नव्हती. वरच्यांना त्या खालच्या वाटत, खालच्यांना वरच्या. क्रोआ-रूसच्या चढावर दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात एकाच ठरलेल्या टेबलावर मसुराची कोशिंबीर खाऊन घरी जात. नाताळच्या दिवशीही त्या कामावर येत, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी सुट्टी घेता येई. त्याबद्दल लोक त्यांना फार चांगल्या म्हणत आणि आपापल्या घरी जात.

त्यांना दिवसातून दहा मिनिटं मिळत, ती माझ्यापाशी. साडेअकराला पहिलं पान बांधून होई. त्याची कच्ची प्रत काढून वर तपासायला जाई आणि परत येईपर्यंत दहा मिनिटं कुणालाच काही काम नसे. मास्तर खिशातून चाकू आणि सुक्या सॉसेजचा तुकडा काढत, कागदावर पातळ चकत्या करत आणि कागद माझ्या मधोमध सरकवत. अर्ध्या त्यांच्या, अर्ध्या बाईंच्या. मग बोलणं. शहराच्या झेर्लां भागात कामगारांचे मळे होते, त्यातला एक तुकडा मास्तरांचा होता. तिथल्या कांद्याच्या पातीच्या, मुलींच्या, जावयाच्या गोष्टी ते सांगत. बाई काय सांगत? आज जिन्यात मांजर भेटलं. आईची कबर साफ करून आले. काल कुणाशी बोललेच नाही, सकाळी आवाज फुटेना. असलं काहीतरी सांगत. मास्तर त्यावर सल्ला देत नसत. "हं" म्हणत आणि चकत्यांचा कागद थोडा बाईंकडे सरकवत. सत्तावीस वर्षं ते समोरासमोर उभे राहिले. एकदाही एकत्र खाली बसले नाहीत आणि एकदाही 'अरे-तुरे' वर आले नाहीत. पण बाईंना या जगात कोणी असेल तर ते माझ्या पलीकडच्या बाजूला उभं होतं. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी मध्ये होतो.

एक प्रसंग सांगतो. एका वसंतात शहरात नवे बिशप आले आणि त्याच दिवशी शेतकी प्रदर्शनही भरलं. दोन्ही फोटो पहिल्या पानावर. बार्नाबे नावाच्या आमच्या सर्वांत म्हाताऱ्या जुळाऱ्याने चुकून दोन्ही फोटोंखालच्या ओळींची अदलाबदल केली. अंक बाजारात गेला तेव्हा बिशपांच्या फोटोखाली छापलं होतं, 'वजन साडेनऊशे किलो, सलग तिसऱ्या वर्षी पहिले बक्षीस.' आणि बैलाखाली, 'सर्व भाविकांना आशीर्वाद देताना.' पेलाप्रा खाली आले ते तांबडेलाल होऊन. कुणाचं काम हे, त्याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. बार्नाबेची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पान मी पाहिलं होतं. दोन्ही ओळी मीच तशा लावायला सांगितल्या. उलटं वाचताना चूक झाली."

पेलाप्रांनी त्यांना जुळाऱ्यांदेखत वाट्टेल ते बोलून घेतलं. बाई मग स्वतः बिशपांच्या वाड्यावर गेल्या आणि माफी मागून आल्या. बिशप म्हणाले म्हणे, आशीर्वाद बैलाचा असला तरी लागू पडेल, वजनाचं मात्र उद्या दुरुस्त करा. बाई हे सांगत खाली आल्या तेव्हा बार्नाबेने हातोडी उचलली. मग सगळ्यांनीच उचलल्या. माझी एक कड त्या दिवशी फुटली, अजून फुटकीच आहे. बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो रुलांस मानाचा होता.

त्या दिवशी त्या खोटं बोलल्या आणि खालची माणसं त्यांची झाली. पुढे आणखी एकदा खोटं बोलल्या. तेच सांगायला मी तुम्हाला इथवर आणलं आहे.

चौऱ्याहत्तर सालचा ऑगस्ट होता. अर्धं शहर सुट्टीला समुद्रावर गेलं होतं. एका रविवारी, छापखाना बंद असताना, पेलाप्रा दोन अनोळखी माणसांना आणि बाईंना घेऊन खाली आले. त्या माणसांनी मोजायची फीत काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेतली. पेलाप्रांनी आपली टोपी काढून माझ्यावर ठेवली आणि सांगितलं की शिशाचे दिवस संपले. जानेवारीपासून अक्षरं फोटोच्या कागदावर येतील, तो कागद कापून चिकटवला की पान झालं. बेचाळीस जुळाऱ्यांपैकी नऊ ठेवायचे.

"आणि शाझाल मास्तर?" बाईंनी विचारलं.

"त्याचं वय झालंच की. दोन वर्षं आधी घरी बसवू."

"त्यांना सांगणार कधी?"

"ऑक्टोबरात, यंत्रं दारात आली की. तोवर तुमच्या तोंडून अवाक्षर जाता कामा नये. आज कळलं तर उद्या संप. संप लांबला तर पेपर बुडाला, मग तेहतीस नाही, दोनशे माणसं घरी बसतील. ते पाप तुमच्या माथी."

पेलाप्रांनी टोपी उचलली आणि सगळे वर गेले. मी त्या रात्रीपासून रोज वाट बघत होतो, की उद्या साडेअकराला त्या मास्तरांना सांगतील. सुट्ट्या संपून मास्तर परत आले, उन्हाने रापलेले. त्यांनी सॉसेज कापलं. बाई म्हणाल्या, भूक नाही. दुसऱ्या दिवशीही भूक नव्हती. दोघंही हवापाण्याबद्दल बोलत राहिले. सत्तावीस वर्षांत हवापाण्याबद्दल बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

सप्टेंबरच्या मध्यावर एका मंगळवारी मास्तरांनी चाकू मिटून खिशात ठेवला आणि विचारलं, "बाई, मापं घेऊन गेले म्हणे कोणी. तुमच्या कानावर काही आलंय का?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. वर खोलीत प्रत तपासली जात होती. बाईंनी मान खाली घातली आणि माझ्यावरच्या पानाकडे पाहिलं. पान त्यांनी आधीच दोनदा वाचलं होतं.

"नाही हो मास्तर," त्या म्हणाल्या. "लोकांना काय, काहीही उठवतात." आणि लगेच, "तिसऱ्या रकान्यातली खालून दुसरी ओळ काढा."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि ओळ काढली. ती ओळ चांगली होती, काढायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सॉसेज आलं नाही. मास्तर कामापुरतं बोलू लागले. त्यांची वागणूक पूर्वीपेक्षा जास्त अदबीची झाली आणि ते बाईंना फार लागलं असावं, कारण त्या दहा मिनिटांत आता वर जाऊन बसू लागल्या.

ऑक्टोबरात यंत्रं आली आणि सगळं उघड झालं. अकरा दिवस संप चालला. कामगार फाटकाबाहेर शेकोटी करून उभे राहत आणि बाई त्यांच्यामधून वाट काढत आत येत. कोणी शिवी दिली नाही. सगळे फक्त बाजूला होत. शेवटी समेट झाला. कुणाला भरपाई मिळाली, कुणाला लवकर पेन्शन, नऊ जणांना नोकरी. पेपर बुडाला नाही. पेलाप्रा म्हणाले होते ते खरंच होतं कदाचित, मी दगड आहे, मला त्यातलं कळत नाही.

जानेवारीच्या अखेरीस शिशाचं शेवटचं पान माझ्यावर बांधलं गेलं. सगळे बेचाळीस जण भोवती उभे होते. पहिल्या पानावर बाईंचं निवेदन होतं, दहा-बारा ओळींचं, नव्या तंत्राबद्दल. बाई हात मागे बांधून त्यांच्या नेहमीच्या बाजूला उभ्या होत्या. मास्तरांनी निवेदन सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'हा बदल आमच्या कामगार बांधवांच्या संमतीने आणि आनंदाने होत आहे.' हे वाक्य पेलाप्रांनी घालायला लावलं होतं. मास्तरांना तेही माहीत असावं.

"ही ओळ खोटी आहे, बाई."

"काढा, मास्तर," बाई पुटपुटल्या.

"नाही." मास्तरांनी दोन्ही हात वर घेतले, फडक्याला पुसले आणि एक पाऊल मागे गेले. "तुमच्या सांगण्यावरून मी हजारो ओळी काढल्या. ही तुम्ही काढा. आता कोण विचारतंय नियमाला?"

मित्रांनो, सत्तावीस वर्षं मागे बांधलेले ते हात पुढे आले. शिशावर चालायची त्यांना सवय नव्हती. नखाने ओळ उचकटताना वरची ओळ कलंडली, ती सावरताना खालची. शेवटी ती खोटी पट्टी त्यांच्या हातात आली आणि बोटं काळी झाली. त्यांनी ती मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी घेतली आणि पेटीत टाकली. रुलांस झाला नाही. एकानेही हातोडी उचलली नाही, ना फजितीसाठी, ना मानासाठी. ओळीची जागा भरायला कोणी पुढे आलं नाही आणि कशी भरायची ते बाईंना येत नव्हतं. पान तसंच गेलं. त्या संध्याकाळी 'कादराँ'च्या पहिल्या पानावर मधोमध एक पांढरी फट होती. वाचकांना वाटलं, ही नव्या तंत्राची फॅशन असेल.

मास्तरांनी खुंटीवरचा कोट घातला, सगळ्यांशी हात मिळवले. बाईंशीही मिळवला. आणि गेले.

त्यानंतर मी बिनकामाचा झालो. नऊ जण वरच्या उजेडाच्या खोलीत कात्री आणि डिंक घेऊन बसत. मला उचलून नेणं परवडत नव्हतं म्हणून तिथेच ठेवलं. माझ्यावर कागदाचे गठ्ठे आले, मग झाडू-बादल्या आल्या. बाई कधी त्या खोलीतून गेल्या तर पलीकडच्या भिंतीच्या कडेकडेने जात. पुढे साडेतीन वर्षांनी पेलाप्रांनी पेपर एका मोठ्या कंपनीला विकला. इथल्या कायद्यात एक सोय आहे. मालक बदलला आणि नवा पटला नाही, तर पत्रकाराला भरपाई घेऊन मानाने बाहेर पडता येतं. बाई बाहेर पडल्या. निरोपाच्या दिवशी वर पेल्यांचा आवाज आला, भाषणं झाली. बाईंना चामड्याची प्रवासी बॅग भेट दिली म्हणे. ज्या बाई एकोणीस वर्षांत रोआनपलीकडे गेल्या नव्हत्या, त्यांना बॅग.

इमारत विकली गेली तेव्हा सात माणसांनी शिव्या घालत मला बाहेर काढलं आणि या गोदामात आणून टाकलं.

इथे माझ्याकडे दोनच माणसं आली आहेत. पहिले आले मास्तर, एप्रिलमध्ये. अडुसष्ट वर्षांचे, काठी टेकत. गोदामाची राखण करणाऱ्या तीबोला म्हणाले, काही न्यायला आलो नाही, नुसतं बघू द्या. तीबोने खुर्च्या खाली काढल्या. मास्तरांनी रुमालाने माझा एक कोपरा पुसला आणि हात ठेवून उभे राहिले. तीबो गप्पिष्ट आहे. त्याने विचारलं, समोर कोण उभं असायचं?

"संपादक बाई. सत्तावीस वर्षं."

"भांडलात का मग? तोंड असं का झालं?"

"भांडण कसलं! मी एक प्रश्न विचारला आणि त्यांनी खोटं उत्तर दिलं." मास्तर थोडं हसले. "गंमत अशी, की खरं उत्तर मला माहीत होतं. मापं घ्यायला आलेल्यांतला एक जण माझ्या जावयाचा दोस्त. ऑगस्टातच कळलं होतं मला. मी कुणाला बोललो नाही. संप मला तरी कुठे हवा होता?"

"माहीत होतं, तर विचारलंत कशाला?"

मास्तरांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "एकट्याने ते घेऊन फिरणं जड जात होतं. वाटलं, त्याही एकट्याच घेऊन फिरत असतील. दोघं मिळून गप्प बसू."

तीबो म्हणाला, मग जाऊन भेटा की. मास्तर म्हणाले, त्यांना माझा पत्ता ठाऊक आहे, त्या येतील तेव्हा येतील. आणि काठी टेकत निघून गेले.

बाई आल्या त्याच वर्षीच्या शरदात, भर दुपारी. तीबो जेवायला गेला होता आणि दार नुसतं लोटलेलं होतं. केस सगळे पांढरे झाले होते. त्यांनी खुर्च्या हलवल्या नाहीत. त्यांच्या नेहमीच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि समोर पाहिलं. समोर पोपडे आलेली भिंत होती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा महिना झाला होता मला कळून." आवाज नीट फुटत नव्हता. त्या दिवशी त्या आधी कुणाशी बोलल्या नसाव्यात. "सांगितलं असतं, तर तुम्हाला एक तर संप करावा लागला असता, नाहीतर तुमच्याच माणसांशी खोटं वागावं लागलं असतं. म्हटलं, ते ओझं तुमच्यावर नको, माझ्याच डोक्यावर राहू दे. दोनदा तुमच्या मळ्याच्या कुंपणापर्यंत येऊन परत गेले. तुम्ही वाकून काहीतरी लावत होतात. हाक मारवेना. माझं चुकलं, मास्तर."

आणि मित्रांनो, त्या थांबल्या. उत्तर येईल अशा थांबल्या.

माझ्याकडे उत्तर होतं. एप्रिलपासून होतं. त्यांना ठाऊक होतं हो, बाई. तुम्ही जपलेलं ओझं त्यांच्या खांद्यावर आधीपासूनच होतं, त्यांना फक्त सोबत हवी होती. एवढंच सांगायचं होतं. ऐंशी वर्षांत लाखो शब्द माझ्या पाठीवरून गेले, पण त्यातला एकही माझा नव्हता. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, पदर नसलेल्या बायका बाहीने डोळे पुसतात तसे पुसले आणि दार होतं तसं लोटून निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. तीबो जेवून आला, त्याला काही कळलं नाही. दोघं पुढे भेटले की नाही, मला कोणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला स्वच्छ करा, मला उजेडात ठेवा, असं मी मागणार नाही. माझं काय, मी आणखी शंभर वर्षं खुर्च्या सांभाळीन. मागायचं आहे ते तुमच्यासाठीच. ज्याला सांगायचं आहे त्यालाच जाऊन सांगा. एके काळी माझ्यावर ठेवलेली ओळ संध्याकाळपर्यंत गावभर पोचत असे. आता माझ्यापाशी ठेवलेलं माझ्यापाशीच राहतं. आणि दगड सगळं ऐकून घेतो खरा, पण "बरं, जाऊ द्या" एवढंसुद्धा त्याला म्हणता येत नाही. या गोदामापासून मास्तरांच्या मळ्यापर्यंत बसने अर्धा तास लागतो.